निरोप यंत्राचा, निर्णय माणसाचा

(व्यावसायिक व लघुउद्योजकांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१४ जानेवारी १७६१ या दिवशी पानिपतावर मराठ्यांच्या सैन्याचा घात झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळी फौज घेऊन उत्तरेच्या वाटेवर होते. ही वार्ता त्यांच्यापर्यंत प्रथम पोहोचली ती सरकारी जासुदाकडून नव्हे, तर एका सावकारी पेढीच्या कासिदाकडून, असे इतिहास सांगतो. भिलशाच्या परिसरात हाती लागलेले ते पत्र व्यापाऱ्याने व्यापाऱ्यास लिहिले होते. त्यात रणांगणाचे नावही नव्हते. मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि चांदी-तांब्याच्या नाण्यांची तर गणतीच नाही, अशी ती सांकेतिक भाषा होती. पेशव्यांना अर्थ कळायला क्षणही लागला नाही. विश्वासराव आणि भाऊसाहेब ही दोन मोती गेली होती.

या प्रसंगाकडे आपण नेहमी अश्रूंच्या पडद्याआडून पाहतो. व्यापार-उद्योगात असणाऱ्यांनी त्याकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. निरोप पोहोचवण्याच्या कामी व्यापारी पेढ्यांची व्यवस्था त्या काळीही राजसत्तेच्या पुढे होती. आणि निरोप येईपर्यंत जे आठ-दहा दिवस गेले, त्यांत निर्णय घेण्याजोगे काहीच उरले नव्हते. वार्ता उशिरा येणे हे त्या काळाचे दुःख होते.

आजचे दुःख नेमके उलट आहे. वार्ता क्षणात येते आणि विचार करायला क्षणही देत नाही. कार्यालयांत आणि कारखान्यांत आलेल्या नव्या तंत्रज्ञानाने निरोपाचा वेग वाढवला, हे सर्वांना दिसते. त्याच तंत्रज्ञानाने निर्णय घेण्याची रीत बदलली, निर्णय घेणारा बदलला आणि काही ठिकाणी तर निर्णय घेणारा दिसेनासाच झाला. हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात आलेले नाही. आजचा विषय तो आहे.

यंत्राने काय दिले?

प्रथम यंत्राचे देणे मान्य केले पाहिजे. कृतघ्नता हा आपला संस्कार नव्हे.

हिंदुस्थानात १८५५ मध्ये तारसेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली आणि जुलै २०१३ मध्ये ती बंद झाली. दीडशेहून अधिक वर्षे व्यापाऱ्यांनी तारेच्या मोजक्या शब्दांत सौदे केले. शब्दागणिक पैसे पडत असल्याने मनुष्य लिहिण्यापूर्वी विचार करीत असे. पुढे दूरध्वनी आला, १९९५ मध्ये भारतात मोबाइल आणि इंटरनेट दोन्ही आले आणि तारेचा कागद हळूहळू संग्रहालयात गेला.

मुंबईच्या शेअर बाजाराचे उदाहरण घ्या. दलाल स्ट्रीटवरील रिंगणात दलाल ओरडून आणि हातवारे करून सौदे करीत. सांगली-कोल्हापूरच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने शेअर विकायला सांगितले, तर त्या दिवशी रिंगणात खरा भाव काय होता, हे त्याला दलाल सांगेल तेवढेच कळे. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकाच्या पडद्यावर समभागांचे व्यवहार सुरू केले आणि पुढच्याच वर्षी मुंबई शेअर बाजारातील रिंगणाचा गलबलाटही शांत झाला. उपग्रहाच्या जोडणीमुळे जो भाव मुंबईत दिसे, तोच त्याच क्षणी दूरच्या गावातही दिसू लागला. माहिती ही मूठभरांची मिरास राहिली नाही. सामान्य माणसाला तंत्रज्ञानाने दिलेला हा न्यायच होता.

ऐंशीच्या दशकात बँकांमध्ये संगणक येऊ लागले, तेव्हा कामगार संघटनांनी त्याला कडवा विरोध केला. भारतीय मजदूर संघही त्या विरोधात होता. आज मागे वळून पाहताना त्या विरोधाची काहींना गंमत वाटते. पण त्यामागचा प्रश्न हास्यास्पद नव्हता. यंत्र कोणासाठी आणायचे, त्याचा लाभ कोणाला मिळणार आणि त्याची किंमत कोण मोजणार, हा तो प्रश्न होता. संगणक आला, बँका बदलल्या. प्रश्न मात्र आजही तसाच उभा आहे.

२०२० च्या महामारीत या बदलाला पूर आला. जी कार्यालये घरून काम करण्याची कल्पनाही सहन करीत नव्हती, त्यांचे काम चार दिवसांत स्वयंपाकघराच्या टेबलावर आले. पडद्यावर चौकोनांत चेहरे मांडून बैठका होऊ लागल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि पत्राचा मसुदा, बैठकीचे इतिवृत्त, बाजाराचा अहवाल हे सारे यंत्र लिहू लागले. आधी यंत्र केवळ निरोप्या होते. आता ते कारकून झाले आहे आणि सल्लागाराच्या आसनाकडे सरकत आहे.

वेग आणि विवेक

सल्लागाराच्या हाती कारभार सोपवण्यापूर्वी त्याची पारख करावी, असे आपली राजनीती सांगते. यंत्राची पारख करताना त्याचा पहिला दोष दिसतो, तो त्याच्या गुणातच दडलेला आहे. तो म्हणजे वेग.

५ ऑक्टोबर २०१२ च्या सकाळी एका दलाली पेढीकडून राष्ट्रीय शेअर बाजारात चुकीचे विक्री-आदेश गेले. यंत्राने ते निमूटपणे पाळले. काही क्षणांत निफ्टी निर्देशांक पंधरा टक्क्यांहून अधिक कोसळला आणि व्यवहार थांबवावे लागले. जुन्या रिंगणात असा आदेश कोणी ओरडला असता, तर शेजारच्याने "अहो, शुद्धीवर आहात ना?" असे विचारले असते. यंत्र असे विचारत नाही. आज्ञा पाळणे एवढेच त्याला ठाऊक असते.

कार्यालयीन संवादातही हेच घडत आहे. पूर्वी रागाने लिहिलेले पत्र टपालात पडेपर्यंत एक रात्र जात असे, आणि सकाळी ते फाडून टाकण्याची बुद्धी होई. आता राग आणि रवानगी यांत अंगठ्याएवढेही अंतर उरलेले नाही. व्यवस्थापकाने रात्री अकरा वाजता दोन शब्दांत टाकलेल्या संदेशाचा सूर हाताखालच्या माणसाला कळत नाही. तो रात्रभर अर्थ लावीत बसतो. समोरासमोर बोलताना डोळे, आवाज, क्षणभराचा थांबा हे सारे बोलत असते. पडद्यावर केवळ अक्षरे येतात.

आणि आता तर चेहराही विश्वासाचा राहिलेला नाही. २०२४ च्या प्रारंभी एका बहुराष्ट्रीय अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग येथील कर्मचाऱ्याला वरिष्ठांच्या नावे गुप्त व्यवहाराचा संदेश आला. त्याला संशय आला होता. पण नंतर दृक्श्राव्य बैठकीत त्याला ओळखीचे वरिष्ठ दिसले, बोलले, आणि त्याचा संशय फिटला. त्याने सुमारे वीस कोटी हाँगकाँग डॉलर सांगितलेल्या खात्यांत पाठवले. बैठकीतील ते चेहरे यंत्राने घडवलेले होते. ज्या सावकारी पेढीचे पत्र पेशव्यांच्या हाती पडले, तिला आपला कासीद ओळखता येत होता. आजच्या पेढीने ती खूणगाठ नव्याने शोधायची आहे.

पडद्यावरचा आकडा आणि माणसाचा शब्द

परंतु या साऱ्यांपेक्षा मोठा धडा ब्रिटनच्या टपाल खात्याने जगाला दिला आहे. प्रत्येक व्यवस्थापकाने तो अभ्यासावा इतका तो मोलाचा आहे.

ब्रिटनमध्ये गावोगावची छोटी टपाल कार्यालये सब-पोस्टमास्तर चालवतात. ते करारावर काम करतात. अनेकांचे टपालाचे खिडकीकाम आणि किराणा दुकान एकाच छताखाली असते. यांत भारतीय वंशाची अनेक कुटुंबे आहेत. १९९९ पासून या कार्यालयांत 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली बसवण्यात आली. फुजित्सू या जपानी कंपनीच्या मालकीच्या ब्रिटिश कंपनीने ती तयार केली होती. दिवसाचा सारा जमाखर्च तीत नोंदला जाई आणि मुख्यालयाला थेट दिसे. हिशेब एका क्षणात मुख्यालयी पोहोचावा, ही कल्पना उत्तमच होती.

पुढे मात्र ठिकठिकाणी रोकड जुळेना. पडद्यावर तूट दिसे, पेटीत पैसे बरोबर असत. करारानुसार तूट भरून देण्याची जबाबदारी सब-पोस्टमास्तरची. कोणी बचत मोडली, कोणी घर गहाण टाकले, कोणी नातलगांपुढे हात पसरले. ज्यांना भरता आले नाही, त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. त्यांतील बहुसंख्य खटले टपाल कंपनीने स्वतःच दाखल केले होते. संगणक योग्य चालत होता असे गृहीत धरण्याची तेथील न्यायालयांची रीत होती. तो चुकला, हे आरोपीने दाखवायचे. खेड्यातल्या दुकानदाराने ते कसे दाखवावे? १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरली.

सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या भगिनी सरे परगण्यात टपाल कार्यालय चालवीत. २०१० मध्ये त्यांना सुमारे ७४ हजार पौंडांच्या चोरीबद्दल पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या गर्भवती होत्या. शिक्षा सुनावली गेली तो त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. त्यांनी एक पैसाही घेतला नव्हता.

आता या प्रकरणातील संवादाची बाजू पाहा. गोंधळलेला सब-पोस्टमास्तर मदतकेंद्राला दूरध्वनी करी. अनेकांनी नंतर सांगितले की, त्यांना तिकडून एकच उत्तर मिळे : अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात. हजारो कार्यालये एका तारेने मुख्यालयाला जोडलेली होती, पण त्या कार्यालयांतील माणसे एकमेकांना जोडलेली नव्हती. निरोप वर जात होता. शेजारच्या गावातील समदुःखी माणूस मात्र अज्ञात होता. प्रत्येकजण स्वतःलाच अपराधी समजत एकटा पडला होता.

ही कोंडी यंत्राने फोडली नाही. वेल्समधील अॅलन बेट्स या सब-पोस्टमास्तरने तूट मान्य करण्यास नकार दिला होता आणि २००३ मध्ये आपले टपाल कार्यालय गमावले होते. त्यांनी चिकाटी सोडली नाही. २००९ मध्ये फेनी कॉम्प्टन नावाच्या लहानशा गावाच्या सभागृहात असे पीडित प्रथमच एकत्र बसले. एकाने आपली कहाणी सांगितली आणि दुसऱ्याला ती स्वतःचीच वाटली. "तुम्ही एकटेच" हे वाक्य त्या खोलीत खोटे ठरले. पुढे ५५५ जणांनी एकत्रितपणे दावा लढवला. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते असा स्पष्ट निर्णय दिला. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने सीमा मिश्रांसह ३९ जणांची शिक्षा रद्द केली आणि २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून शेकडो निरपराधांचा कलंक पुसला. मात्र तोपर्यंत अनेकजण वाट पाहता पाहता हे जग सोडून गेले होते. सरकारने नेमलेल्या चौकशीच्या २०२५ मधील अहवालाने किमान तेरा आत्महत्यांचा या प्रकरणाशी संबंध असण्याची शक्यता नोंदवली आहे.

यात खलनायक यंत्र आहे काय? यंत्रात चुका असतातच. खरा अपराध हा की, जबाबदार पदावरील माणसांनी पडद्यावरचा आकडा खरा मानला आणि वर्षानुवर्षे ओळखीच्या असलेल्या माणसाचा शब्द खोटा मानला. जुन्या पेढीवर रोजकीर्दीचा ताळा लागला नाही, तर मुनीम आणि मालक दोघे दिवा लावून बसत आणि चूक सापडेपर्यंत उठत नसत. चोर कोण, हा प्रश्न शेवटचा असे. चूक कुठे, हा पहिला.

"यंत्र म्हणाले" हे उत्तर नव्हे

आता यंत्र आकडेच नव्हे, उत्तरेही देऊ लागले आहे. कॅनडात एका प्रवाशाने आजीच्या निधनानंतर विमान कंपनीच्या संवाद-यंत्राला सवलतीविषयी विचारले. यंत्राने चुकीची माहिती दिली आणि त्याने त्यावर विसंबून तिकीट काढले. कंपनीने पैसे परत देण्याचे नाकारले. इतकेच नव्हे, तर हे संवाद-यंत्र म्हणजे स्वतःच्या कृतीस स्वतः जबाबदार असलेली वेगळीच व्यक्ती आहे, अशा आशयाचा बचाव मांडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील न्यायाधिकरणाने तो फेटाळला. दुकान ज्याचे, शब्दही त्याचाच, हा व्यापाराचा जुना धर्म तेथे पुन्हा सांगावा लागला.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतच एकात्म मानववादाची मांडणी केली. माणूस हा केवळ पोट नव्हे, शरीर-मन-बुद्धी-आत्मा यांचा समुच्चय आहे, हा तिचा गाभा. कर्जाचा अर्ज, नोकरीची निवड, कामाचे मूल्यमापन हे निर्णय यंत्राच्या गुणांकावर सोपवले जातात, तेव्हा माणसाचा एकच तुकडा मोजला जातो. वडिलांच्या आजारपणात दोन हप्ते चुकलेला कर्जदार आणि मुळातच बुडवणारा कर्जदार यंत्राला सारखेच दिसतात. शाखेतल्या अधिकाऱ्याला तो फरक कळतो, कारण तो त्या गल्लीत राहतो.

भाषा कोणाची?

छत्रपती शिवाजी महाराजांनी स्वराज्य स्थापल्यावर राज्यव्यवहारकोश करवून घेतला. फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा तो कोश हा केवळ भाषाभिमान नव्हता. ज्या भाषेत कारभार चालतो, त्या भाषेच्या माणसालाच कारभारात मत असते, ही त्यामागील दृष्टी होती.

आजही चाकणच्या कारखान्यात किंवा इचलकरंजीच्या मागावर पडद्यावरील सूचना इंग्रजीत येतात. ज्या कामगाराला यंत्राची धडधड ऐकून बिघाड ओळखता येतो, तो पडद्यापुढे मुका होतो, आणि त्याचे ज्ञान निर्णयापर्यंत पोहोचतच नाही. येथे मात्र नवे तंत्रज्ञान शत्रू नसून मित्र ठरू शकते. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषा संगणकावर आणण्यासाठी दीर्घकाळ काम केले आहे. केंद्र सरकारचा 'भाषिणी' हा प्रकल्प भारतीय भाषांतील अनुवाद आणि वाणी यंत्राद्वारे उपलब्ध करून देतो. आपल्या उद्योगातील संवाद मराठीत आणण्याचे साधन आता हाताशी आहे. उणीव इच्छेची आहे.

काय करावे?

उपाय मोठ्या भांडवलाचे नाहीत. शिस्तीचे आहेत.

प्रत्येक यंत्रनिर्णयाखाली माणसाची सही असावी. कोणाला कामावरून काढणे, कोणाचे देणे अडवणे, कोणावर आरोप करणे या गोष्टी कोणत्याही प्रणालीने परस्पर करू नयेत. ज्याच्याविरुद्ध निर्णय गेला, त्याला जाऊन भेटता येईल असा एक माणूस, एक खुर्ची आणि एक वेळ ठरलेली असावी.

मोठ्या रकमेचा आदेश पडद्यावर आला, तर तो दुसऱ्या वाटेने पडताळावा. स्वतः दूरध्वनी करावा, शक्य तर प्रत्यक्ष भेटावे. चेहरा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये.

कागदाची वाट बुजवू नये. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-प्रणालीतील सदोष बदलामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देऊन विमाने सोडावी लागली. ज्यांना हाताने लिहिता येत होते, त्यांचेच काम चालले.

घराचा उंबरठा पाळावा. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर कर्मचाऱ्याला संपर्कापासून अलिप्त राहण्याचा हक्क कायद्याने मान्य केला. आपल्याकडे कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दिवेलागणीला ज्या घरी मुले आई-वडिलांशी बोलतात, त्या घरातील माणूस सकाळी अधिक चांगला निर्णय घेतो, हे मालकाला कळले की पुरे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, बैठक सोडू नये. नवी प्रणाली आणण्यापूर्वी तिच्यावर काम करणाऱ्यांना समोर बसवावे. राष्ट्रहित, उद्योगहित आणि कामगारहित या भारतीय मजदूर संघाने सांगितलेल्या तीन कसोट्या येथे लावून पाहाव्यात. प्रणाली आल्यानंतरही महिन्यातून एकदा सर्वांनी गोल करून बसावे आणि काय जुळत नाही ते मोकळेपणाने सांगावे. संघटनेच्या कार्यकर्त्याला संपर्क आणि बैठक यांचे मोल वेगळे सांगायला नको. तीच रीत दुकानात आणि कारखान्यात न्यायची आहे.

फेनी कॉम्प्टनच्या त्या सभागृहात कोणतीही अद्ययावत सामग्री नव्हती. काही खुर्च्या होत्या, आणि एकमेकांचे ऐकून घेणारी माणसे होती. दहा वर्षे जे सत्य कोट्यवधी पौंडांच्या यंत्रणेतून बाहेर आले नव्हते, ते तेथे एका दुपारी प्रकटले.

यंत्राला निरोप नेऊ द्यावा. त्याचा वेग आपल्या कामी लावावा. पण निरोप उघडून वाचणारा, अर्थ लावणारा आणि परिणामांची जबाबदारी शिरावर घेणारा माणूस आपल्या गादीवरून उठता कामा नये. पेढी त्याच्या नावाने चालते.